आधी पाहुणा, मग शिक्षक

परदेशी शिकवावयास निघालेल्या तरुणासाठी मंडळीत निरोपाची प्रार्थना होते, तेव्हा बहुधा एकाच प्रकारचे मागणे केले जाते. प्रभो, ह्या तुझ्या लेकराच्या हातून तेथे पुष्कळ काही दिले जावे. ज्ञान दिले जावे, साक्ष दिली जावी, चांगल्या वर्तनाचा कित्ता दिला जावा. मागणे योग्यच आहे. परंतु त्या प्रार्थनेत 'घेणे' हा शब्द सहसा येत नाही. तेथील लोकांच्या हातून आमच्या ह्या मुलाला किंवा मुलीला नम्रतेने काही घेता यावे, असे कोणी मागत नाही. जणू शिक्षक म्हणजे भरलेला घडा, आणि परदेश म्हणजे मांडून ठेवलेली रिकामी भांडी.

ह्या लेखात आम्ही ह्याच गोष्टीचा विचार करणार आहोत. परक्या देशात रुळणे ही केवळ सोयीची बाब आहे, की तिला नीतीचे आणि विश्वासाचेही अंग आहे? आणि रुळायचे तर कोठवर? आपल्या मंडळ्यांतून आता बी.एड. झालेली, इंग्रजी उत्तम येणारी मुले-मुली बाहेरदेशी शिक्षक म्हणून जातात. त्यांच्या आईवडिलांना व पाळकांना हा प्रश्न पडतो, आणि जाणाऱ्यांना तर तो पहिल्याच आठवड्यात पडतो.

उदाहरणासाठी आम्ही जपान देश घेतो. इंग्रजी शिकविण्यासाठी बाहेरून माणसे बोलावण्याची प्रथा तेथे जुनी, मेजी राजवटीपासूनची आहे. १९८७ साली तेथील सरकारने 'जेट' नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. पुढे अनेक देशांची त्यांत भर पडली. ह्यांतील बहुतेक जण लहान शहरांतील व खेड्यांतील शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून काम करतात. करार एका वर्षाचा असतो व जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढू शकतो. शिवाय खासगी शिकवणी-संस्था आणि खासगी शाळा आहेत त्या वेगळ्या. दुसरी गोष्ट अशी की, जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात सुमारे एक एवढेच आहेत. तेथे जाणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकाला आपल्या माणसांच्या घोळक्यात लपून राहता येत नाही.

आता नव्या शिक्षकाचे पहिले दिवस पाहू. जेट योजनेतील शिक्षक बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचतात. हवा दमट आणि उकाड्याची, शाळेला उन्हाळ्याची सुटी, शिक्षकांच्या खोलीत ओळीने लावलेली मेजे, आणि त्यांपैकी एकाशी आपण नुसतेच बसलेले. राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत नगर-कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. तेथील अर्ज आपल्याला वाचता येत नाही. ज्याने हजारो पुस्तके वाचली, तो मनुष्य दवाखान्याच्या दारावरची पाटी वाचू शकत नाही. वाण्याच्या दुकानात मिठाचा पुडा कोणता आणि साखरेचा कोणता, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागते. घरात शिरताना उंबऱ्याशी जोडे काढायचे, हे आम्हां भारतीयांना नवे नाही. पण तेथे शाळेतही बाहेरचे जोडे वेगळे आणि आतले वेगळे, आणि संडासातल्या चपला आणखी निराळ्या. त्या चपला पायांत तशाच ठेवून नवा शिक्षक बाहेर आला, म्हणजे मुले तोंडावर हात ठेवून हसतात.

मग कचऱ्याचे प्रकरण. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे. प्रत्येकाचा वार ठरलेला. ठरलेल्या दिवशी सकाळी, ठरलेल्या जागी, पुष्कळ गावी ठरलेल्याच पिशवीत तो ठेवायचा. चुकीची पिशवी ठेवली तर ती तेथेच पडून राहते, आणि साऱ्या आळीला कळते की ती कोणाची.

एखादा म्हणेल, ह्यात नीतीचा प्रश्न कोठे आला? ही तर नगरपालिकेची बाब झाली. आम्हांस वाटते की नीतीचा प्रश्न येथेच सुरू होतो. आपण उचलली नाही ती पिशवी शेजारची म्हातारी उचलून आत नेते, आणि पुढच्या वारापर्यंत स्वतःच्या घरात ठेवते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण लहानपणापासून तोंडपाठ म्हटली आहे. परदेशात तिचा पहिला धडा मोठ्या त्यागाचा नसतो, तो गुरुवारी कोणता कचरा जातो हे लक्षात ठेवण्याचा असतो. जो मनुष्य "आमच्या देशात असे नसते" म्हणून पिशवी फेकतो, तो त्याच दिवशी वर्गात प्रेमावर सुंदर उतारा वाचून दाखवीत असेल. पण शेजारणीने त्याचा खरा पाठ सकाळीच ऐकलेला असतो.

ह्याहून कठीण धडा वर्गात मिळतो. आमचा शिक्षक उत्साहाने प्रश्न विचारतो आणि वर्ग गप्प. पुन्हा विचारतो, पुन्हा गप्प. त्याला वाटते, ह्यांना काही येत नाही, किंवा ह्यांना मी आवडत नाही. बहुतेक वेळा ह्यांपैकी काहीच खरे नसते. चारचौघांत चूक करण्याची त्या मुलांना लाज वाटते. एकट्याने पुढे होऊन उत्तर देणे त्यांना मिरविल्यासारखे वाटते. जोडीला जपानी शिक्षक असतो. वर्ग त्याचा, अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याची. साहाय्यकाने पुष्कळदा फक्त उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्याने सारा वर्ग पेलण्याची तयारी केली होती, त्याला वाचनयंत्र झाल्यासारखे वाटते आणि त्याचा अभिमान दुखावतो.

ह्या दुखावण्याचा उपयोग आहे. मराठी शाळेत शिकून एकदम इंग्रजी कॉलेजात गेलेली मुले आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. बेळगावात घरी मराठी आणि बाहेर कानडी, इंदूर-ग्वाल्हेरीस बाहेर हिंदी, बडोद्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू व उर्दू, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो. उत्तर येत असून तोंड न उघडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तेच दुःख परक्या भूमीवर शिक्षकाला पुन्हा भोगावे लागते. वर्गात तो दुसऱ्यांच्या चुका सुधारतो, आणि वर्गाबाहेर पडताच टपालकचेरीतल्या कारकुनापुढे दोन वर्षांच्या मुलासारखे बोट दाखवून बोलतो. जो हे भोगताना रागावतो, तो वर्गात कठोर होतो. जो हे भोगताना शिकतो, तो गप्प बसलेल्या मुलाकडे नव्या नजरेने पाहू लागतो. म्हणून आमचे मत असे की, परदेशी भाषा शिकविणाऱ्याने तेथील भाषा शिकण्यास पहिल्याच दिवशी आरंभ करावा. ती कामाला येते हे खरेच. पण विद्यार्थ्याच्या बाकावर बसलेला शिक्षकच विद्यार्थ्याची अडचण जाणतो, हे त्याहून मोठे कारण आहे.

आपल्या मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ साली मुंबईस आली, पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळांचे काम तिने केले, आणि १८६२ साली तेथेच ती प्रभूत निद्रिस्त झाली. तिला आणि तिच्या आगेमागे आलेल्यांना शिकविण्याआधी मराठी मुळाक्षरे गिरवावी लागली. आपल्या आज्या-पणज्या ज्या शाळांत अक्षर शिकल्या, त्या शाळांच्या पायात परदेशी माणसांनी केलेल्या पुष्कळ अशुद्ध मराठी वाक्यांचे दगड आहेत. आमच्या लोकांनी ती वाक्ये हसून, पण मायेने ऐकून घेतली. आज आमची मुले तेच काम दुसऱ्या दिशेने करीत आहेत.

आता जेवणाची गोष्ट. जपानातील प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण वर्गातच होते. मुलेच डोक्याला पांढरे फडके किंवा टोपी बांधून वाढतात, शिक्षकही त्यांच्याबरोबर बसून जेवतो, आणि मागाहून मुलेच वर्ग व व्हरांडे झाडून पुसून घेतात. जेवणाला आरंभ करण्यापूर्वी सर्वजण हात जोडून एक शब्द म्हणतात: इतादाकिमासु. त्याचा साधा अर्थ, मी नम्रपणे स्वीकारतो. कोणापासून स्वीकारतो, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. शेतकरी, स्वयंपाकी, ज्या जीवाचा प्राण गेला तो जीव, अशा सर्वांचे ऋण त्यात येते असे तेथील लोक मानतात.

नव्या ख्रिस्ती शिक्षकाला येथे शंका येते. हात जोडावे की नाही? ही दुसऱ्या धर्माची प्रार्थना तर नव्हे? आम्हांस वाटते की शंका घेणे वाईट नाही, पण तिच्यावर थोडा विचार करावा. तो शब्द कोणत्याही देवाचे नाव घेत नाही, आणि कृतज्ञता आपल्या विश्वासाला परकी नाही. आमच्या शिक्षकाने हात जोडावे, तो शब्द सर्वांबरोबर म्हणावा, आणि मनात आपल्या स्वर्गीय पित्याचे आभार मानावे. कोणापासून स्वीकारतो हे त्याला ठाऊक आहे.

ह्या देशातील मेजवानीचीही एक रीत सांगण्याजोगी आहे. तेथे आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याचा पेला आपण भरावा आणि आपला शेजाऱ्याने भरावा. मद्य न घेणाऱ्या आमच्या शिक्षकाला पेल्यात चहा घालून द्या असे सांगता येते. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण दुसऱ्याच्या हातून पेला भरून घेण्याची रीत मात्र तो नाकारू शकत नाही. त्याला वाट पाहावी लागते. ज्यांना केवळ देण्याची सवय झाली आहे, त्यांना वाट पाहणे जड जाते.

येथे आम्हांस योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाची आठवण होते. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने आरंभ उपदेशाने केला नाही. तो थकून विहिरीशी बसला होता आणि त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. ज्याच्याजवळ जिवंत पाणी होते, त्यानेच आधी मागितले. परक्या स्त्रीच्या घड्यातले पाणी मागून त्याने तिला मान दिला, आणि त्या मानामुळे पुढचे संभाषण झाले. जक्कयाच्या बाबतीतही तसेच. प्रभूने त्याला आधी काही दिले नाही, त्याच्या घरी उतरण्याची इच्छा सांगितली. आणि शिष्यांना गावोगाव पाठविताना, जे पुढे वाढले जाईल ते खा, असेच त्यांना सांगितले होते; घरे बदलीत फिरू नका असेही. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात हे आहे. सुवार्ता नेणाऱ्याला प्रभूने आधी पाहुणा होण्यास शिकविले.

ह्यावर एक गंभीर आक्षेप येतो. असे रुळत रुळत मनुष्य आपला विश्वासच गमावून बसणार नाही काय? आज हात जोडले, उद्या गावच्या जत्रेत देवाची पालखी खांद्यावर घेतली, परवा मंदिरात नमन केले. ओलांडू नये अशी रेघ कोठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. पुष्कळ आईबापांची झोप ह्यानेच उडते.

पवित्र शास्त्रात ह्याचे उत्तर एका वाक्यात नाही, माणसांच्या चरित्रांत आहे. दानीएल व त्याचे तीन सोबती बाबेलास नेले गेले. त्यांनी खास्द्यांची भाषा शिकली, त्यांची विद्या शिकली, परकी नावेही चालवून घेतली. राजाच्या ताटातील अन्न मात्र त्यांनी घेतले नाही. हा नकार त्यांनी भांडून दिला नाही. कारभाऱ्याला विनंती केली आणि दहा दिवसांची मुदत मागितली. म्हणजे त्यांनी पुष्कळ स्वीकारले म्हणूनच त्यांचा एक नकार कोणाला उद्धटपणाचा वाटला नाही. सगळ्याच गोष्टींना नाही म्हणणाऱ्याच्या नकाराला वजन राहत नाही. नामानाची गोष्ट आणखी नाजूक आहे. धनी रिम्मोनाच्या मंदिरात आपल्या हातावर टेकून नमन करील तेव्हा आपल्यालाही वाकावे लागेल, ह्याबद्दल त्याने आधीच क्षमा मागितली, आणि अलीशाने त्याला शांतीने जा म्हटले. संदेष्ट्याने नवशिक्या विश्वासणाऱ्याच्या अडचणीला पायाखाली तुडविले नाही.

आपल्याच पंडिता रमाबाईंचे पाहा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथे भगिनींच्या आश्रमात राहिल्या, तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्रजी भाषा त्यांनी घेतली, ख्रिस्त घेतला, पण आपला शाकाहार सोडला नाही. आणि ह्यावरून तसेच इतर गोष्टींवरून भगिनी जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. विश्वास आणि खाण्यापिण्याची रीत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या परक्या देशात एकट्या असूनही स्पष्ट बोलत राहिल्या. रुळणे म्हणजे विरघळणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

रेघ कोठे, ह्याचे एक उदाहरण खुद्द जपानातले आहे. उचिमुरा कान्झो हा जपानी ख्रिस्ती शिक्षक टोकियोच्या एका उच्च शाळेत शिकवीत असे. १८९१ सालच्या जानेवारीत बादशहाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्राचा समारंभ झाला. बादशहाच्या सहीपुढे एकेकाने जाऊन खोल वाकून नमन करायचे होते. उचिमुराला ते पूजेसारखे वाटले. तो घुटमळला आणि त्याने केवळ मान थोडी लवविली. एवढ्यावरून सर्व देशात गहजब झाला. पुढे हे पूजन नसून आदर आहे असे समजाविल्यावर तो नमन करण्यास तयारही झाला, पण त्याची नोकरी गेली. त्याच वर्षी त्याची पत्नी आजारी पडून वारली. उचिमुरा परदेशी नव्हता. तो आपल्याच देशात, आपल्याच रीतींमध्ये वाढलेला होता. तेव्हा रेघ 'आपली रीत' आणि 'त्यांची रीत' ह्यांच्यामध्ये नसते. ती आदर आणि पूजा ह्यांच्यामध्ये असते, आणि विशेषतः मोकळेपणी केलेला नमस्कार व सक्तीने करविलेला नमस्कार ह्यांच्यामध्ये असते.

पुढे महायुद्धाच्या काळात हीच रेघ पुसली गेली. शिंतो देवळात जाणे हा धर्म नसून देशाचा रिवाज आहे, असे सरकारने सांगितले आणि पुष्कळ ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ते मान्य केले. १९६७ साली जपानच्या संयुक्त ख्रिस्ती मंडळीने युद्धकाळातील आपल्या जबाबदारीबद्दल जाहीर कबुली दिली. म्हणून आम्ही असे म्हणू की, शेजारी प्रेमाने जत्रेला बोलावतो तेव्हा जावे, मुलांचे नाच पाहावे, रस्त्यावरचे खाणे खावे, आणि देवापुढे वाकण्याची वेळ आली तर हसून मागे उभे राहावे. कोणी रागावत नाही. पण जेथे "हे न केलेस तर तू आमचा नाहीस" असे म्हटले जाते, तेथे सावध व्हावे; मग ते जपान असो की आपले गाव.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो उपदेशकांच्या घरात नेहमी निघतो. वर्गात ख्रिस्ताचे नाव घेता येत नसेल, तर अशा नोकरीचा उपयोग काय? मौन म्हणजे नाकारणे नव्हे काय? जपानच्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने सरकारी संस्थांना धर्मशिक्षण देण्यास मनाई केली आहे. सरकारी शाळेतला शिक्षक पगार इंग्रजी शिकविण्याचा घेतो. त्या तासात दुसरे काही शिकविणे म्हणजे मालकाच्या वेळेची चोरी, आणि ज्या मुलांना उठून जाता येत नाही त्यांच्यावर जुलूम. आमच्या मुलांना एखाद्या शिक्षकाने गणिताच्या तासाला असेच दुसऱ्या धर्माचे पाठ दिले तर आपल्याला कसे वाटेल? जो न्याय आपण मागतो तो दुसऱ्यालाही द्यावा, हे प्रभूचेच शिक्षण आहे.

विल्यम मेरेल वोरीझ ह्याचे चरित्र येथे उपयोगी पडते. हा अमेरिकन तरुण १९०५ सालच्या फेब्रुवारीत, वयाच्या २४ व्या वर्षी, बिवा सरोवराकाठच्या ओमी-हाचिमान गावी व्यापारी शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून आला. गाव ऐन थंडीत, ओळखीचे कोणी नाही. तो पाळक नव्हता, मंडळीने पाठविलेला मिशनरीही नव्हता. इंग्रजी तो शाळेत शिकवी, आणि ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी शाळेच्या वेळेबाहेर बायबलचा वर्ग घेई. मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. गावात विरोध उठला आणि १९०७ साली त्याची नोकरी गेली. शिकविण्यात कसूर झाली म्हणून नव्हे, त्या वर्गामुळे.

अशा वेळी परत जाणे सोपे होते. वोरीझ राहिला. पोटासाठी त्याने इमारतींचे आराखडे काढण्याचा उद्योग धरला, आणि पुढे त्याच्या कचेरीने जपानभर शेकडो इमारती बांधल्या. त्यांत मंदिरे, शाळा, इस्पितळे, राहती घरे होती. निशिनोमिया येथील क्वान्सेइ गाकुइन विद्यापीठाचे आवार त्याचेच. १९१८ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. १९१९ साली त्याने हितोत्सुयानागी माकिको ह्या जपानी स्त्रीशी लग्न केले. १९४१ साली तो जपानचा नागरिक झाला आणि त्याने पत्नीच्या घराण्याचे नाव घेतले. युद्धाच्या उंबरठ्यावर त्याने घेतलेल्या ह्या निर्णयाबद्दल मतभेद होऊ शकतील. पण १९५८ साली ज्या गावाने त्याला आपला पहिला सन्मान्य नागरिक केले, ते तेच गाव होते जेथे त्याची नोकरी गेली होती. १९६४ साली तेथेच त्याचा अंत झाला. शिक्षक म्हणून तो दोनच वर्षे होता. शेजारी म्हणून सुमारे साठ वर्षे.

प्रत्येकाने आयुष्यभर राहावे असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक जण एक-दोन वर्षांनी परत येतात, आणि त्यात कमीपणा नाही. पण दोन वर्षे राहणाऱ्यानेही मनाची गाठोडी सोडून राहावे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना पत्र लिहिले, त्यात घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा असा सल्ला होता. रोज रात्री घरच्यांशी बोलणे, आपल्याच देशाच्या चार मित्रांबरोबर बसून तेथील लोकांची थट्टा करणे, डब्यातले लोणचे संपले म्हणून खंत करणे, हे सारे माणुसकीला धरून आहे; मात्र तेवढेच करीत राहिले तर दोन वर्षे देशात जातात आणि देश भेटत नाही. एकटेपणा येतो, रडूही येते. त्या वेळी जवळच्या लहानशा जपानी मंडळीत जाऊन बसावे. उपदेशातले एक अक्षर कळणार नाही, पण चाल ओळखीची निघेल, आणि प्रभुभोजनाची भाकर हातात देणारी म्हातारी शब्दावाचून कळेल.

असे राहिल्याने काय होते, ह्याचे एक उदाहरण देऊन आम्ही पुढे जातो. टेलर अँडरसन ही अमेरिकेतील व्हर्जिनियाची मुलगी २००८ साली जेट योजनेतून इशिनोमाकी शहरात इंग्रजीची शिक्षिका म्हणून आली. ११ मार्च २०११ रोजी दुपारी भूकंप झाला तेव्हा ती एका प्राथमिक शाळेत होती. मुले आईबापांच्या स्वाधीन होईपर्यंत ती थांबली आणि मग सायकलवरून निघाली. ती लाटेत सापडली. तिचे वय २४ होते. त्याच दिवशी रिकुझेनताकाता येथे मॉन्टी डिक्सन हा दुसरा तरुण शिक्षक गेला. टेलरच्या आईबापांनी तिच्या नावाने निधी उभारून त्या भागातील शाळांना इंग्रजी पुस्तके दिली. त्या पुस्तकांची कपाटे ज्या सुताराने केली, त्याची स्वतःची तीन मुले त्याच लाटेत गेली होती, आणि टेलरने त्यांना शिकविले होते. परक्या देशातील एका कारागिराने आपल्या मुलांच्या शिक्षिकेसाठी लाकूड तासले. येथे कोण देणारा आणि कोण घेणारा, हे आम्हांला सांगता येत नाही, आणि सांगण्याची गरजही वाटत नाही.

हे सर्व परदेशी जाणाऱ्यांसाठीच आहे असे वाचकांनी समजू नये. टोकियोच्या एदोगावा भागात आज पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात, आणि मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ साली तेथील स्थानिक सभेवर निवडून आले. तेथील लोकांनी परक्याला जागा दिली म्हणून हे घडले. आमच्या गावी आलेल्या परक्याला आम्ही किती जागा देतो? ईशान्येकडून आलेली परिचारिका, ओडिशाचा मजूर, आफ्रिकेतून शिकावयास आलेला विद्यार्थी आपल्या मंदिराच्या मागच्या बाकावर येऊन बसतात. आपण त्यांना हस्तांदोलन करतो, चहा देतो आणि मराठीत आपसांत बोलू लागतो. परका होतो तेव्हा मला आश्रय दिला की नाही, असे प्रभू शेवटच्या दिवशी विचारणार आहे. चहा दिला एवढे उत्तर पुरेल असे आम्हांस वाटत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक लहानशी सूचना करावीशी वाटते. वर्गात दुसऱ्या भाषेचे मूल आले, तर पहिल्याच रविवारी त्याला आपले वचन पाठ करावयास लावू नये. त्याच्या भाषेत देवाला काय म्हणतात, भाकरीला काय म्हणतात, हे त्याच्याकडून विचारून घ्यावे आणि सर्व वर्गाने ते शब्द म्हणून पाहावे. वर्गातली मुले चुकतील, नवे मूल हसेल आणि त्यांना सुधारील. त्या पाच मिनिटांत ते मूल शिक्षक होईल. पुढच्या रविवारी ते आपले वचन आनंदाने शिकेल.

आणि परदेशी जाणाऱ्यासाठी मंडळी पुढे कधी प्रार्थनेला उभी राहील, तेव्हा देण्याच्या सामर्थ्याबरोबर त्याला घेण्याची नम्रताही मिळावी, असे मागणे त्यात घालावे. त्याच्या पेटीत बायबल ठेवावे, गीतांचे पुस्तक ठेवावे, आईने हवे तर मसाल्याची पुडी ठेवावी. हात मात्र त्याचे रिकामे असू द्यावेत, म्हणजे तेथील लोकांनी काही दिले तर ते घेता येईल.